कम्पाइलर टाइप कुठे ठेवतो आणि शेवटी त्याचं काय होतं?

प्रश्न थोडक्यात असा. तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी सीसारखी छोटी भाषा आणि तिचा कम्पाइलर (लिहिलेल्या प्रोग्रामचं मशीन कोडमध्ये रूपांतर करणारा प्रोग्राम) लिहितो आहे. सिम्बॉल टेबलमध्ये, म्हणजे प्रोग्राममधल्या नावांच्या यादीत, प्रत्येक व्हेरिएबलच्या नावापुढे टाइप (त्यात कोणत्या प्रकारची किंमत राहते ते) म्हणून त्याने सरळ मजकूर ठेवलाय: ‘इंट’, ‘फ्लोट’, ‘इंट*’. बेरजा-वजाबाक्या छान चालल्या. मग पॉइंटरचा (मेमरीतला पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलचा) ॲरे, म्हणजे एकापुढे एक घरांची रांग, आला आणि सगळं कोलमडलं. त्याला दोन गोष्टी हव्यात: खरे कम्पाइलर टाइप कसा साठवतात, आणि मशीन कोड तयार झाल्यावर तो टाइप जातो कुठे?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, म्हणजे पहिल्याचं सोपं होईल. प्रोसेसरला तुमचा टाइप कळत नाही. मेमरीतल्या चार बाइटवर पूर्णांकाची बेरीज करा म्हटलं की तो ती करतो, तेच चार बाइट फ्लोट म्हणून उचला म्हटलं की तसंही करतो. तक्रार नाही, विचारणा नाही. टाइप ही कम्पाइलरने स्वतःसाठी ठेवलेली हिशेबाची वही आहे. कोणत्या नावाला किती जागा, कुठून किती सरकायचं, कोणती इन्स्ट्रक्शन निवडायची, हे त्या वहीत बघून ठरतं. एकदा ठरलं की वहीची गरज संपते. त्यामुळे वही कशी आखायची हे तिला पुढे कोणते प्रश्न विचारले जाणार आहेत यावर अवलंबून आहे. टाइपचं वाचायला बरं नाव ठेवून भागत नाही.

तुमची मजकूर ठेवायची युक्ती मीही केली होती, आणि दोन आठवड्यांनी फेकली होती. तिचा पहिला त्रास किरकोळ असतो: ‘इंट*’ आणि ‘इंट *’ यांत एक मोकळी जागा आली की दोन टाइप वेगळे ठरतात. तो ट्रिम करून निभावता येतो. खरा त्रास या दोन ओळींत आहे:

इंट *अ[१०];
इंट (*ब)[१०];

पहिल्यात ‘अ’ हा दहा पॉइंटरचा ॲरे आहे. ६४ बिटच्या नेहमीच्या मशीनवर त्याला ८० बाइट लागतात. दुसऱ्यात ‘ब’ हा एकच पॉइंटर, आठ बाइटचा, आणि तो दहा इंटच्या ॲरेकडे बोट दाखवतो. ‘ब + १’ केलं तर पत्ता ४० बाइटने पुढे जातो, ‘अ + १’ केलं तर आठने. आता मजकुरातून हा ४० कुठून काढणार? प्रत्येक वेळी मजकूर पुन्हा पार्स करावा लागेल, म्हणजे तोडून त्याची रचना ओळखावी लागेल. म्हणजे पार्सरने एकदा केलेलं काम टाइपचेकर (टाइप जुळतात का ते बघणारा टप्पा) पुन्हा करणार आणि कोड जनरेटर तिसऱ्यांदा.

टाइप ही साखळी आहे. ‘अ’ची साखळी: ॲरे, आकार १०, कशाचा? पॉइंटर, कशाकडे? इंट. ‘ब’ची: पॉइंटर, कशाकडे? ॲरे, आकार १०, कशाचा? इंट. कड्या त्याच, क्रम वेगळा. प्रत्येक कडीसाठी एक छोटा नोड करायचा. त्यात प्रकार (इंट, पॉइंटर, ॲरे, फंक्शन, स्ट्रक्ट) आणि पुढच्या कडीचा पत्ता. ॲरे असेल तर संख्या, फंक्शन असेल तर पॅरामीटरची यादी, स्ट्रक्ट (अनेक फील्डं एकत्र बांधलेला टाइप) असेल तर फील्डची यादी. ‘ब + १’ला किती सरकायचं हे विचारायचं झालं की पुढच्या कडीचा आकार काढायचा: ॲरे, १० गुणिले इंट, ४०. झालं.

टाइप सीमध्ये आले तेही याच ‘अधिक एक’पायी, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. बीसीपीएल आणि तिच्यापासून केन थॉम्प्सन यांनी केलेली बी, या दोन्ही भाषांत टाइप नव्हते. सगळं काही एक मशीन-शब्द, म्हणजे प्रोसेसर एका वेळी हाताळतो तेवढे बिट. पॉइंटर म्हणजे शब्दांच्या रांगेतला क्रमांक. मग पीडीपी-११ हे मशीन आलं, ज्यात पत्ता बाइटचा होता, शब्दाचा नव्हे. आता क्रमांकाचा पत्ता करायला प्रत्येक पॉइंटरच्या वापराला प्रोग्राम चालू असताना गुणाकार आला. अक्षरं हाताळणं बेंगरूळ झालं, आणि फ्लोट तर एका शब्दात मावणारही नव्हता. डेनिस रिची यांनी १९७१-७२च्या सुमारास बीमध्ये टाइप घातले आणि त्यातून सी घडली. पॉइंटर कशाकडे बोट दाखवतो हे कम्पाइलरला आधीच माहीत असेल तर तो गुणाकार तोच करून ठेवतो. टाइपशास्त्राची पुस्तकं गणितापासून सुरू होतात, ते योग्यच आहे, पण सीच्या बाबतीत गरज आली ती अशी, बाइट मोजण्यातून.

त्या काळी मेमरी इतकी तुटपुंजी होती की नोडची साखळी परवडत नसे. स्टीव्ह जॉन्सन यांच्या पोर्टेबल सी कम्पाइलरने काय केलं ते मुद्दाम जवळून बघा, कारण साखळीची कल्पना इतकी नागडी दुसरीकडे कुठे दिसत नाही. सगळा टाइप एका पूर्णांकात. खालचे चार बिट मूळ टाइपसाठी. त्यावरच्या प्रत्येक दोन बिटांत एक कडी: ०१ म्हणजे पॉइंटर, १० म्हणजे फंक्शन, ११ म्हणजे ॲरे, ०० म्हणजे काही नाही.

समजा इंटचा क्रमांक ४ आहे. ‘इंट परत देणाऱ्या फंक्शनकडचा पॉइंटर’ लिहू. सगळ्यात बाहेरची कडी पॉइंटर, ती चार बिटांच्या लगेच वर बसते: १६. त्याच्या वरच्या दोन बिटांत फंक्शन: १२८. मूळ टाइप ४. बेरीज १४८. आता प्रोग्राममध्ये त्या पॉइंटरपुढे तारा (*) लावला, म्हणजे तो बोट दाखवतो ती वस्तू मागितली, म्हणजे बाहेरची कडी काढायची. वरचे बिट दोन घरं उजवीकडे सरकवायचे, खालचे चार जसेच्या तसे ठेवायचे: ३६. म्हणजे ‘इंट परत देणारं फंक्शन’. त्याला कॉल केलं, पुन्हा दोन घरं सरकवा: ४. म्हणजे इंट. संपूर्ण टाइपचेकिंग दोन बिटांच्या सरकवणीत! दोन टाइप सारखे आहेत का हे बघायला एक तुलना पुरते. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी कागदावर पाच-सहा टाइप मांडून बघितले होते, नुसत्या मजेखातर.

मर्यादाही उघड आहेत. १६ बिटांच्या पूर्णांकात सहा कड्या मावतात, सातवी नाही. ॲरेचा आकार आणि स्ट्रक्टची फील्डं यात बसत नाहीत, ती वेगळ्या तक्त्यात ठेवावी लागत. पुढे १९८९च्या प्रमाण सीने किमान १२ कड्या झेपल्या पाहिजेत असं लिहून ठेवलं. आज कुणी हे करू नये, तुम्हीही नको. पण त्यातला एक गुण आजच्या कम्पाइलरांनी सोडलेला नाही: दोन टाइप सारखे आहेत का, याचं उत्तर एका तुलनेत मिळालं पाहिजे.

नोडच्या साखळीत ते आपोआप मिळत नाही. ‘इंटकडचा पॉइंटर’ प्रोग्राममध्ये शंभर ठिकाणी आला आणि तुम्ही दर वेळी नवा नोड केला, तर तुलनेसाठी दोन्ही साखळ्या शेवटपर्यंत चालत जावं लागतं. उपाय असा की प्रत्येक टाइप एकदाच बनवायचा. ‘इंटकडचा पॉइंटर द्या’ म्हटलं की आधी हॅश टेबलमध्ये (नोंद पटकन शोधून देणाऱ्या तक्त्यात) बघायचं, असेल तर तोच द्यायचा, नसेल तरच नवा करून नोंदवायचा. मग दोन टाइप सारखे म्हणजे दोन्हींचा पत्ता सारखा. क्लँग हा सीचा कम्पाइलर असंच करतो, तो ज्यावर उभा आहे ते एलएलव्हीएमही असंच करतं. कुठेही थेट नोड बनवायची मुभा ठेवू नका. सगळी मागणी एकाच फंक्शनमधून जाऊ द्या, नाहीतर कुठेतरी एक चोरवाट राहते आणि सहा महिन्यांनी ‘इंट* आणि इंट* जुळत नाहीत’ असा एरर बघून आपण डोकं धरून बसतो.

क्लँगमधली एक गंमत इथे सांगायलाच हवी. ‘कॉन्स्ट इंट’ (न बदलता येणारा इंट) आणि ‘इंट’ यांचे वेगळे नोड करायचे का? कॉन्स्ट, व्होलटाइल, रिस्ट्रिक्ट या टाइपला लागणाऱ्या विशेषणांच्या जोड्या लावल्या तर प्रत्येक टाइपच्या आठ आवृत्त्या होतात. क्लँग टाइपचे नोड १६च्या पटीतल्या पत्त्यांवर ठेवतो. साहजिकच प्रत्येक पत्त्याचे शेवटचे चार बिट शून्य असतात, फुकट पडलेले. त्यातल्या तीन बिटांत हे तीन शब्द बसवले. म्हणजे ‘कॉन्स्ट इंट’ हा इंटच्याच नोडचा पत्ता, फक्त शेवटचा एक बिट लावलेला. जॉन्सन यांच्या बिटांची आठवण येते की नाही?

टाइपडेफ, म्हणजे टाइपला दुसरं नाव द्यायची सोय, हे आणखी एक प्रकरण. तुम्ही ‘टाइपडेफ इंट अंतर;’ लिहिलं तर सीच्या दृष्टीने ‘अंतर’ हे इंटचंच दुसरं नाव आहे, जसं घरात एक आणि शाळेत एक. तुलनेच्या वेळी दोन्ही एकच धरायचे. मग पार्स करतानाच ‘अंतर’ खोडून ‘इंट’ लिहून टाकावं का? सोपं आहे, पण एरर छापायची वेळ आली की पस्तावाल. सी++मध्ये ज्याने साध्या स्ट्रिंगच्या चुकीवर दीड स्क्रीन भरेल एवढं टेम्प्लेटचं नाव पाहिलंय त्याला हे सांगावं लागत नाही. म्हणून टाइपच्या नोडमध्ये दोन गोष्टी ठेवतात: लिहिणाऱ्याने काय लिहिलं ते, आणि सगळी टोपणनावं उतरवल्यावरचा मूळ टाइप. तुलना मुळाची करायची, एररमध्ये लिहिलेलं नाव छापायचं आणि पुढे ‘म्हणजेच अमुक’ जोडायचं. तुमच्या प्रकल्पात हे पहिल्या दिवसापासून ठेवा. नंतर घालायला गेलं की अख्खा टाइपचेकर उसवावा लागतो.

याच टाइपडेफने पार्सरलाही छळलंय. ‘अंतर * क्ष;’ ही ओळ गुणाकार आहे की पॉइंटरची घोषणा? ‘अंतर’ हे टाइपचं नाव आहे का, हे कळल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून सीच्या कम्पाइलरात पार्सरला मध्येच सिम्बॉल टेबलकडे डोकावावं लागतं. तुमची भाषा तुमचीच असल्यामुळे ‘क्ष: अंतर*’ अशी घोषणा ठेवा आणि या फंदात पडू नका.

आता स्ट्रक्ट. साखळीचा नियम इथे मोडतो. लिंक्ड लिस्टच्या (प्रत्येक घरात पुढच्या घराचा पत्ता असलेल्या यादीच्या) घरामध्ये त्याच्याच टाइपचा पॉइंटर असतो. फील्ड उलगडून तुलना करायला गेलात तर कधीच थांबणार नाही. सीने उपाय साधा केला: स्ट्रक्टची ओळख त्याच्या घोषणेवरून. एकाच प्रोग्राम-फाइलमध्ये दोन स्ट्रक्टची फील्डं हुबेहूब सारखी असली तरी नावं वेगळी तर टाइप वेगळे. टाइपस्क्रिप्टसारख्या भाषा उलट करतात, बांधणी जुळली की टाइप जुळला. मग त्यांना ‘ही जोडी आपण आधीच तपासायला घेतली आहे’ अशी नोंद ठेवत चालावं लागतं. तुम्ही नावाचा मार्ग धरा. स्ट्रक्टचं नाव दिसताक्षणी रिकामा नोड करून सिम्बॉल टेबलमध्ये टाका, फील्डं नंतर भरा. तोवर त्याच्याकडचा पॉइंटर चालेल, कारण पॉइंटरचा आकार ठरलेला. खुद्द त्या टाइपचं व्हेरिएबल चालणार नाही, कारण किती जागा द्यायची हेच माहीत नाही.

जागेवरून आठवलं. स्ट्रक्टमध्ये आधी कॅर (एका बाइटचा), मग इंट, मग पुन्हा कॅर असा क्रम असेल तर किती बाइट? नवखा सहा म्हणतो, येतात १२. इंट चारच्या पटीतल्या पत्त्यावर हवा म्हणून मध्ये तीन बाइट मोकळे, आणि ॲरेत पुढचा स्ट्रक्टही नीट बसावा म्हणून शेवटी आणखी तीन. इंट आधी लिहिला तर आठ. दहा लाख नोंदी असतील तर ४० लाख बाइटचा फरक, नुसत्या क्रमाने. सीचा कम्पाइलर क्रम स्वतःहून बदलू शकत नाही, भाषेची तशी मनाई आहे. रस्टचा बदलू शकतो आणि बदलतो. हे आकार टाइपच्या नोडमध्ये कोरून ठेवू नका मात्र. ‘लाँग’ ६४ बिट लिनक्सवर आठ बाइटचा आणि ६४ बिट विंडोजवर चार बाइटचा असतो. आकार विचारायचा तो त्या त्या मशीनची माहिती ठेवणाऱ्या वेगळ्या भागाला.

(कॅर म्हणजे कॅरॅक्टर. आमच्या क्लासमध्ये सगळे ‘चार’ म्हणायचे, आणि सर ‘चारचा ॲरे’ म्हणाले की अर्धा वर्ग चार घरांचा ॲरे काढायचा. म्हणून मी कॅर लिहितो.)

या कॅरनेच मला टाइपचेकिंगचा सगळ्यात मोठा धडा दिला. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी भोसरीतल्या एका कारखान्यासाठी आम्ही तापमान नोंदवणारं एक यंत्र करत होतो. माझ्या टेबलावरच्या पीसीवर प्रोग्राम व्यवस्थित चालला. एआरएम प्रोसेसरच्या बोर्डवर चढवला, तर सुरू होताना जो अडकायचा तो अडकायचाच. बोर्ड बदलला, वीजपुरवठा तपासला, मेमरी कार्ड बदललं. दीड दिवस गेल्यावर दोष सापडला तो माझ्याच या ओळींत:

कॅर सी;
व्हाइल ((सी = गेटकॅर()) != ईओएफ) …

गेटकॅर हे फंक्शन इंट परत देतं. फाइल संपली की ते ईओएफ देतं, म्हणजे सहसा वजा एक. मी ते कॅरमध्ये कोंबलं. आता कॅर साइन्ड (ऋण संख्याही ठेवणारा) की अनसाइन्ड (शून्यापासून पुढच्याच संख्या ठेवणारा) हे सीने कम्पाइलरवर सोडलंय. पीसीवर तो साइन्ड होता: वजा एक आत गेला, तुलनेसाठी पुन्हा इंट करताना वजा एकच बाहेर आला, लूप थांबला. एआरएम लिनक्सवर अनसाइन्ड: वजा एकचे २५५ झाले, इंट करताना २५५च राहिले, आणि २५५ काही वजा एकशी जुळत नाहीत. लूप जन्मभर. वाईट भाग असा की पीसीवरचा कोडसुद्धा चूकच होता. फाइलमध्ये खरोखरचा २५५ हा बाइट आला असता तर त्याने तिथेच फाइल संपली असं धरलं असतं. आमच्या फाइलमध्ये तो आला नाही इतकंच. (ॲपलच्या एआरएम मशीनवर मात्र कॅर साइन्ड आहे, म्हणजे ‘एआरएम म्हणजे अनसाइन्ड’ असंही पाठ करून चालत नाही.)

मशीन कोड काढून बघितला तेव्हा दोन्हींत फरक एका इन्स्ट्रक्शनचा. इंटेलच्या मशीनवर कॅरचा इंट करताना साइन्ड असेल तर ‘मूव्ह-एसएक्स’ येते, ती वरचे बिट चिन्हाप्रमाणे भरते. अनसाइन्ड असेल तर ‘मूव्ह-झेडएक्स’, ती शून्यांनी भरते. एआरएमवर नावं वेगळी, गोष्ट तीच. ‘साइन्ड कॅर’ या टाइपबद्दल कम्पाइलरला जे काही माहीत होतं ते या ठिकाणी एका इन्स्ट्रक्शनच्या निवडीत विरघळलं होतं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा मिळालं.

ही रूपांतरं होतात टाइपचेकरमध्ये. क्लँगला सिंटॅक्स ट्री (पार्सरने केलेली प्रोग्रामची झाडासारखी मांडणी) छापायला सांगा. तुम्ही न लिहिलेले ‘इम्प्लिसिट कास्ट’चे, म्हणजे आपोआप केलेल्या टाइपबदलाचे, नोड जागोजागी घातलेले दिसतील. ‘वजा एक हा अनसाइन्ड एकपेक्षा लहान आहे का’ असं सीला विचारा, ‘नाही’ म्हणेल. कारण तुलनेआधी वजा एकच्या डोक्यावर अनसाइन्डचा कास्ट बसतो आणि तो ४,२९,४९,६७,२९५ होतो. तुमच्या टाइपचेकरनेही हेच करावं: दोन्ही बाजूंचे टाइप जुळत नसतील तर नियमाप्रमाणे एकीवर कास्टचा नोड चढवावा, आणि त्याच्या पुढच्या टप्प्यांना जुळवाजुळव करायची वेळच येऊ देऊ नये. कोड जनरेटर ‘इंट अधिक फ्लोट’ बघून स्वतः निर्णय घ्यायला लागला की समजा, चुका दोन ठिकाणी राहायला गेल्या.

कॅरचा विषय निघालाच आहे तर मराठीचंही बघू. एका कॅरमध्ये ‘म’ बसतो का? यूटीएफ-८ या अक्षरं बाइटमध्ये लिहायच्या पद्धतीत ‘म’ला तीन बाइट लागतात: २२४, १६४, १७४. एकेरी अवतरणात ‘म’ लिहून जीसीसी या कम्पाइलरला दिलात तर तो त्याला अनेक अक्षरांचा स्थिरांक समजतो, इशारा देतो आणि तीन बाइट एकापुढे एक लावून १,४७,२२,२२२ हा इंट करतो. क्लँग थेट नकार देतो: अक्षर टाइपमध्ये मावत नाही. ‘मराठी’ या शब्दाची लांबी गो भाषेत १५ येते, कारण ती बाइट मोजते. पायथनमध्ये ५, कारण म, र, काना, ठ, वेलांटी असे पाच कोड पॉइंट (युनिकोडमधले क्रमांक). स्विफ्टमध्ये ३, आपण शाळेत मोजतो तशी. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. ‘स्ट्रिंग’ हा टाइप म्हणजे कशाची माळ, हे प्रत्येक भाषेने वेगळं ठरवलंय. तुमच्या भाषेत स्ट्रिंग ठेवणार असाल तर हे आधी ठरवा, कारण क्रमांकाने घर काढायचा अर्थ त्यावर ठरतो.

टाइपचेकरच्या पुढे गेलो की टाइप झपाट्याने झिजतो. एलएलव्हीएमच्या मधल्या (मूळ प्रोग्राम आणि मशीन कोड यांच्यामधल्या) भाषेत साइन्ड आणि अनसाइन्ड वेगळे नाहीतच. आधी होते, २००७च्या २.० आवृत्तीत काढून टाकले. उरला फक्त ‘३२ बिटचा पूर्णांक’. बेरजेला फरक पडत नाही, बिट तेच येतात. भागाकाराला पडतो, म्हणून भागाकाराच्या दोन वेगळ्या क्रिया ठेवल्या. चिन्हाची माहिती टाइपमधून निघून क्रियेत गेली. पुढे पॉइंटरचंही तेच झालं. ‘इंटकडचा पॉइंटर’, ‘स्ट्रक्टकडचा पॉइंटर’ हा भेद आधी तिथे होता आणि निव्वळ तो जुळवायला कास्टचे ढीग लागत. २०२२च्या १५व्या आवृत्तीपासून नुसता ‘पॉइंटर’ हाच मुळातला पर्याय झाला आणि १७व्यापासून जुना प्रकार हद्दपार. काय उचलायचं ते उचलण्याची क्रिया सांगते. जुन्या पद्धतीवर आमच्या टीमचा बराच कोड उभा होता, तो बदलताना आम्ही खूप कुरकुरलो. आता मागे वळून बघतो तर बदल योग्यच होता.

एक काम मात्र टाइप ऑप्टिमायझरपर्यंत, म्हणजे कोड वेगवान करणाऱ्या टप्प्यापर्यंत, करत राहतो. एका फंक्शनला एक इंटचा पॉइंटर आणि एक फ्लोटचा पॉइंटर दिलाय. इंटच्या जागी १ लिहिलं, फ्लोटच्या जागी २.० लिहिलं, मग इंट परत केला. सीचा नियम सांगतो की एकाच जागेला इंट म्हणून आणि फ्लोट म्हणून हात लावायचा नाही. त्यामुळे कम्पाइलर मेमरीकडे न बघता थेट १ परत करतो. तुम्ही कास्ट करून दोन्ही पॉइंटर एकाच जागी वळवले असतील तर उत्तर चुकेल आणि दोष तुमचा. हा नियम इतक्यांना नडलाय की लिनक्स कर्नल तो बंद करूनच बांधलं जातं. तसंच ‘क्ष + १ > क्ष’. साइन्ड इंट असेल तर कम्पाइलर ते कायम खरं धरून तपासणीच उडवून टाकतो, कारण साइन्ड ओव्हरफ्लो (उत्तर टाइपमध्ये न मावणं) होऊच नये असं भाषेने म्हटलंय. अनसाइन्ड असेल तर तपासणी जागेवर राहते. तुमच्या छोट्या भाषेत असले नियम आणू नका. वेग हवा असेल तेव्हा बघू.

आणि मशीन कोडनंतर? कोडमध्ये टाइप नाही. पण डीबगरसाठीची (चालू प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या साधनासाठीची) माहिती मागितलीत तर कम्पाइलर फाइलच्या वेगळ्या विभागात ड्वार्फ नावाच्या पद्धतीने टाइप लिहून ठेवतो: पॉइंटर, कशाकडे, ॲरे, किती, कशाचा, इंट, चार बाइट. तीच कड्यांची साखळी. जीडीबी हा डीबगर व्हेरिएबलचा टाइप सांगतो तो इथून वाचून. स्ट्रिप करून ती माहिती काढली तरी प्रोग्राम तसाच चालतो.

पायथनसारख्या भाषांत वही मिटत नाही, ती प्रत्येक वस्तूच्या गळ्यात बांधलेली असते. सीपायथनमध्ये (पायथनच्या नेहमीच्या आवृत्तीत) प्रत्येक वस्तूच्या सुरुवातीला संदर्भांची मोजणी आणि टाइपकडचा पॉइंटर असतो. म्हणून ६४ बिट मशीनवर १ हा साधा आकडा २८ बाइट खातो. ओकॅमल ही भाषा पूर्णांकाचा शेवटचा एक बिट खुणेसाठी राखून ठेवते आणि म्हणून तिचा इंट ६४ऐवजी ६३ बिटांचा. हा वेगळा मोठा विषय आहे. तसंच टाइप न लिहिता कम्पाइलरने तो ओळखायचा असेल तर नोडमध्ये ‘अजून न ठरलेला’ असा एक प्रकार लागतो, आणि दोन टाइप जुळवताना तो पुढच्याला चिकटवून टाकायचा असतो. रॉबिन मिल्नर यांनी १९७८मध्ये मांडलेल्या पद्धतीचं हे बीज. सध्या तुम्हाला त्याची गरज नाही.

आता हात घालायचा तो इथे. सिम्बॉल टेबलमधला मजकूर काढा, त्या जागी नोडचा पत्ता ठेवा. नोड मागायला प्रत्येक प्रकारासाठी एकच फंक्शन करा, आत हॅश टेबल. मग कोड जनरेटरला हात लावण्याआधी टाइप शब्दांत वाचून दाखवणारं एक छोटं फंक्शन लिहा आणि त्याला वरचे ‘अ’ आणि ‘ब’ द्या. शिवाय स्वतःकडेच पॉइंटर असलेला एक स्ट्रक्ट आणि हे: ‘इंट (*फ[३])(कॅर *);’. त्याने ‘तीन घरांचा ॲरे, प्रत्येक घरात पॉइंटर, कॅरकडचा पॉइंटर घेऊन इंट परत देणाऱ्या फंक्शनकडे’ असं वाचलं, आणि स्ट्रक्टवर अनंत फिरत बसलं नाही, की मग आकार मोजायला घ्या.